पथ्याचा गुण

दादाने माशाचा तुकडा उलटून पाहिला, एखादा काटा राहिला नाही ना हे बोटाने पुन्हा चाचपलं आणि मगच ताटली चिमणीपुढे सरकवली.

"मीठ कमी वाटेल," तो म्हणाला. "सवय होईल हळूहळू."

"माझं म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत," चिमणी हसून म्हणाली. "अख्ख्या गावाला कवळ्या करून देते, आणि मलाच काही चावायला मिळत नाही."

"गुण येतोय ना पण?"

"येतोय की. सकाळी बोटं हलकी वाटत होती."

दादाने समाधानाने मान डोलावली आणि तिच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला.

चिमणी त्याची धाकटी बहीण. लहानपणी चिमणीएवढं खायची म्हणून हे नाव त्यानेच पाडलेलं. आई गेली तेव्हा ती नुकती शाळेत जाऊ लागली होती. तिला भरवता भरवता तो रांधायला शिकला आणि पुढे एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी झाला. लग्न राहून गेलं ते गेलंच. आता तो निवृत्त झाला होता, आणि चिमणी कवळ्यांच्या प्रयोगशाळेत मेणाचे दात कोरत असे. इतके हुबेहूब, की मालकीण म्हणायची, हिचे दात पाहून माणसाला भूक लागते.

मग तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना. डॉक्टरांनी आमवात असल्याचं सांगून आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दुसरा दिवस सगळा मळमळण्यात जायचा. त्यातच खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं, की गहू, दूध, साखर, टोमॅटो, वांगी सोडल्यापासून त्याची मावशी नुसती पळते.

दादाला जणू काम मिळालं. एकेक डबा रिकामा करून त्याने शेजाऱ्यांना वाटून टाकला. पहाटे उठून ताजी मासळी आणू लागला. सुरुवातीला सूज खरंच उतरली. एके सकाळी बेसिनवर वाकलेल्या चिमणीची पाठ चोळता चोळता तो म्हणाला, "हे विष हवंय कशाला पोटात? पथ्याने भागतंय तर गोळ्या थांबवून बघू."

ती बरं म्हणाली. दादाच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती.

काही महिन्यांनी एके दिवशी ती डबा घरीच विसरली. दादा तो घेऊन प्रयोगशाळेत पोचला. तिच्या जागेवर दुसरीच मुलगी मान घालून दात कोरत होती. चिमणी पुढच्या, फोनच्या टेबलाशी होती. फोन वाजला तसा तिने तो दोन्ही तळव्यांत धरून उचलला, आणि खांद्याने कानाशी दाबला. दारात उभा राहिलेला दादा तिला दिसला नाही.

मालकीण लगबगीने बाहेर आली. "बरं झालं तुम्हीच आलात. हिला डॉक्टरांकडे न्या हो. कोरणी हातातून गळायला लागली, म्हणून मी पुढे बसवलंय. तुम्हाला बोलली नाही?"

दादाच्या हातातला डबा अजून गरम होता.

"नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला. मनगटाजवळची हाडं कडेने कुरतडल्यासारखी दिसत होती.

"खाण्यापिण्याने काहींना थोडा आराम पडतो," डॉक्टर म्हणाल्या. "मासे खा, साखर कमी करा, माझी ना नाही. पण ते औषधाच्या जोडीला. औषधाऐवजी नाही. गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?"

दादाने तोंड उघडलं.

"मीच केल्या," चिमणी म्हणाली. "मळमळायचं."

"मग तेव्हाच येऊन सांगायचंत! औषध बदलता आलं असतं. शिकलेल्या बाईने असं करायचं?"

चिमणी खाली मान घालून ऐकत राहिली. दादाने एक्स-रेकडे बोट केलं.

"कोरायला... पुन्हा बसेल का ही?"

"पुढची झीज थांबवता येईल," डॉक्टर जरा मऊ होऊन म्हणाल्या. "झाली ती भरून येत नाही."

औषधांच्या खिडकीसमोर दोघं बाकावर बसली. नंबर यायला वेळ होता.

"का गं बोलली नाहीस?" दादा म्हणाला. "रोज विचारत होतो. रोज."

चिमणी समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"निवृत्त झाल्यापासून तू खिडकीशी नुसता बसून असायचास," ती म्हणाली. "पथ्य सुरू झालं आणि स्वयंपाकघरात गाणी म्हणायला लागलास. तुझ्या हाताला गुण नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

खिडकीतून कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"आत्ता दुखतंय?"

"ना..." ती सवयीने म्हणाली, आणि थांबली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला. "हो. खूप दुखतंय रे, दादा."

तिचा हात धरायला त्याने हात पुढे केला. पण कुठे धरला म्हणजे दुखणार नाही, हे त्याला कळेना. शेवटी त्याने आपला तळवा बाकावर उताणा ठेवला. थोड्या वेळाने तिने त्यावर आपला हात टेकवला.

दादाने बोटं मिटली नाहीत.