आंधळ्या कोशिंबिरीची ताटली

ताईचं लग्न झालं तेव्हा ती साठीला टेकली होती. धाकटा भाऊही बिनलग्नाचाच. आईवडील गेल्यापासून दोघं एकाच घरात राहत आलेली. ती शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, तो छापखान्यात मुद्रितं तपासणारा. नवरदेव विधुर दंतवैद्य. जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात एकाच कपाला दोघांनी हात घातला आणि तिथंच सूत जुळलं.

ताईला नाद होता व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, लहान मुलांसाठी बनवलेल्या निळ्या चित्रांच्या भांड्यांचा. पातळ कागदावर छापलेलं चित्र भांड्यावर दाबून उतरवायचं, वर काचेचा लेप देऊन भट्टीत घालायचं, अशी त्यांची रीत. भाऊ चेष्टा करायचा, "घरात पोर ना बाळ, आणि ताटल्या मात्र बालवाडीला पुरतील एवढ्या!"

"तू आहेस की," ती म्हणायची. "अजून आंघोळीला हाका माराव्या लागतात."

लग्नानंतर ती सगळा संग्रह खोक्यांत भरून घेऊन गेली. घर खायला उठलं. कामावरून आला की त्याच्या तोंडात 'आलो गं' यायचं आणि तो ते गिळून टाकायचा.

एका रविवारी, पाय नेतील तिकडे जाता जाता, तो जुन्या वस्तूंच्या दुकानापाशी आला. ताई आत रमली की तो बाहेर जांभया देत उभा असायचा. आज आत गेला, आणि कपाटात त्याला ती निळी ताटली दिसली. आंधळी कोशिंबीर खेळणारी मुलं, मधोमध डोळे बांधलेली मुलगी. झोका, पतंग, भोवरा, दोरीच्या उड्या असे सगळे खेळ ताईकडे होते; हा एकच तिला कुठं मिळत नव्हता. त्याने घासाघीससुद्धा केली नाही. ताटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि न कळवताच बस पकडली.

"अरे, तू? फोन तरी करायचास!" ताईने हात धरून थेट दिवाणखान्यात नेलं. "आधी हे बघ."

काचेच्या कपाटात दिवे लावलेले. झोक्याच्या शेजारी आंधळी कोशिंबीर.

"तुझ्या भावोजींनी शोधून काढली. मला पत्ताच लागू दिला नाही!" तिचा चेहरा खुलला होता. "पिशवीत काय आणलंस?"

"छापखान्याचे कागद."

"जेवून जा."

"नको. काम पडलंय."

घरी येऊन त्याने ताटली धुतली आणि तिच्यातच जेवायला बसला. हाताएवढीशी ताटली; पुन्हा पुन्हा वाढून घ्यावं लागत होतं. जेवता जेवता त्याची तपासनिसाची नजर काठावर गेली. वेलीची नक्षी फिरून जिथं जुळायला हवी, तिथं एक पान अर्धंच कापलेलं होतं. त्याला हसू आलं. हे कुणाला तरी दाखवावं असं वाटलं. त्याने फोन लावला.

"ताई, तुझ्या त्या ताटलीच्या काठाची नक्षी नीट जुळलीय का गं?"

"थांब, बघते." लांबून भावोजींचा आवाज आला, मग दोघांचं हसणं. तो थांबून राहिला.

"अगदी बरोबर जुळलीय. का रे?"

"सहज," तो म्हणाला. "जेवलीस का?"

"बसतोच आहोत."

"बस मग," म्हणून त्याने फोन ठेवला, आणि निवलेलं अन्न सावकाश संपवलं.