नऊच्या आधीची गच्ची

कोटवाल्या ताई वकिली कधी शिकल्या नव्हत्या. पण कोर्टासमोरच्या गल्लीत तीस वर्षं त्या वकिलांचे काळे कोट शिवत होत्या, आणि माप देताना हात पसरून उभा राहिलेला माणूस फार बोलतो. मापं वहीत जायची, खटले ताईंच्या डोक्यात.

कोटाचं अस्तर शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि वकीलसाहेब काखेत आवळले जातात. म्हणून ताई रोज सकाळी सातला आपल्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर अस्तरं वाळत घालत. एका मंगळवारी गच्चीच्या दारावर कागद दिसला: ‘सकाळी नऊपूर्वी गच्चीवर येण्यास सक्त मनाई. नियम मोडणाऱ्याने आठवडाभर जिना झाडावा. – सेक्रेटरी.’

सेक्रेटरी म्हणजे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. वाहतूक पोलिसातून निवृत्त झाले होते, पण आडवा हात दाखवून लोकांना थांबवायची हौस काही फिटली नव्हती.

बुधवारी ताई बरोब्बर सातला ओली अस्तरं खांद्यावर टाकून वर गेल्या. दाराला गच्चीच्या बाजूने कडी. त्यांनी फटीला डोळा लावला आणि पदर तोंडात कोंबला. गच्चीच्या मधोमध सेक्रेटरी एका झाडूला छातीशी धरून गिरक्या घेत होते. “एक, दोन, तीन... वळा. पाय सांभाळा हं!”

ताईंना हसू आवरलं नाही. अंगाच्या धक्क्याने जुनी कडी निसटली, दार धाडकन उघडलं आणि ताई थेट गच्चीवर.

“नियम मोडलात!” सेक्रेटरींनी झाडू पाठीमागे लपवला. “आता आठवडाभर जिना झाडा.”

“झाडते की. पण आधी माझं म्हणणं ऐका, सगळ्यांसमोर. सुनावणीशिवाय शिक्षा नसते, साहेब.”

रविवारी खालच्या पोर्चमध्ये सगळी बिऱ्हाडं जमली. सेक्रेटरी खुर्चीत बसले. “गुन्हा मी स्वतः पाहिलाय. शिक्षा ठरलेली आहे. सभा संपली.”

“वा!” ताई म्हणाल्या. “फिर्यादी तुम्ही, साक्षीदार तुम्ही, न्यायाधीशही तुम्हीच. मग जिनाही तुम्हीच झाडून टाका ना, म्हणजे सगळं एका हाती राहील.”

पोर्च खदखदून हसला. शेवटी खुर्चीवर सिस्टरना बसवलं. सिस्टर तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्स. त्यांचं ताईंशीही भांडण होतं आणि सेक्रेटरींशीही, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती.

“नियम कुणी केला?” सिस्टरनी विचारलं.

“मी.”

“कुणाला विचारून?”

“नियम काय विचारून करतात?”

“बरं. कशासाठी केला?”

“शिस्तीसाठी. म्हणजे... शांततेसाठी.”

“सकाळी सातला गच्चीवर कधी भांडण झालंय? कुणी पडलंय? कुणाचं काही गेलंय?”

ताई सावकाश उठल्या. “सिस्टर, त्या दिवशी मी फटीतून एक गोष्ट पाहिली.”

सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक पडला. ताईंनी ती मजा चांगली दोन मिनिटं चाखली. मग पायरीवर बसलेल्या वहिनींकडे, सेक्रेटरींच्या बायकोकडे, नजर गेली आणि ताईंना एकदम सेक्रेटरींची दया आली.

“साहेबांना व्यायामाला मोकळी जागा लागते,” त्या म्हणाल्या. “बाकी काही नाही.”

“व्यायाम!” सेक्रेटरींना केवढा धीर आला. “तेच तर!”

“व्यायाम कसला?” वहिनी पायरीवरून म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. मला आश्चर्याचा धक्का द्यायला नाच शिकतायत. आमच्या डोक्यावरच तर धपधप चालते रोज.”

सिस्टरनी हसणाऱ्यांना हातानेच गप्प केलं आणि निकाल दिला. “नियम एकट्याने केला आणि त्यामागचं कारण लपवलं, म्हणून तो रद्द. ताई सुटल्या. आता नियम सगळ्यांनी करू. सात ते आठ अर्धी गच्ची दोऱ्यांना, अर्धी नाचाला. त्या वेळात नाचणाऱ्याकडे कुणी बघायचं नाही. बघेल तो आठवडाभर जिना झाडेल. पटत असेल तर हात वर करा.”

सगळे हात वर झाले. सेक्रेटरींचा सगळ्यात शेवटी.

सोमवारी ताईंनी मधल्या दोरीवर अस्तरांचा पडदाच लावून दिला. पलीकडे एक-दोन-तीन सुरू झालं. सव्वासातला सिस्टर वर आल्या, एक अस्तर हळूच बाजूला सारलं, आणि त्यांचं हसणं थेट तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं.

“मी बघत नव्हते, पाहणी करत होते!” त्या म्हणाल्या. “नियम पाळला जातोय का ते.”

“हात तुम्हीही वर केला होता, सिस्टर,” ताई म्हणाल्या.

सिस्टरनी तीन दिवस जिना झाडला आणि दर पायरीवर नियमात एकेक खोट काढली. चौथ्या दिवशी त्यांनी दाद मागितली. ऐकायला वहिनींना बसवलं. वहिनींनी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकून घेतल्या, थोडा विचार केला, शिक्षा कायम ठेवली आणि बोट दाखवून म्हणाल्या, “तो पहिल्या मजल्यावरचा कोपरा राहिलाय बघा.”