खांद्याची जागा

करवत लाकडाला टेकवून दिराने पुन्हा मान वर केली.

"वहिनी, अजून विचार करा. हे कापड नाही. एकदा कापलं की शिवता येत नाही."

"विचार करूनच आलेय, भाऊजी."

गिटार कामाच्या बाकावर आडवी होती. तारा काढल्यामुळे ती आजारी माणसासारखी गप्प वाटत होती. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याने स्वतःच्या हाताने ती तिच्यासाठी बनवली होती. भरल्या अंगाची, दोन्ही खांदे सारखे गोल. त्यातला मानेच्या, म्हणजे लांब दांडीच्या, खालच्या बाजूचा खांदा आता काढायचा होता, म्हणजे डावा हात मानेवरून सरकत अडथळ्याशिवाय पार टोकाच्या सुरांपर्यंत पोहोचू शकणार होता. अशा खांदा कापलेल्या गिटारला कटअवे म्हणतात. दोघा भावांच्या या कारखान्यात आता निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं तीच मागत. नवरा ती मुकाट बनवूनही द्यायचा. घरात मात्र येऊ देत नव्हता.

इतर नवरा-बायको मिठावरून भांडतात, ही दोघं खांद्यावरून भांडली. तो म्हणायचा, खांदा कापला की पोट लहान होतं आणि खर्ज जातो. आणि तेवढ्या वर जायचंच कशाला, सगळी गंमत तर खाली आहे. ती म्हणायची, तुमची असेल खाली, माझ्या चाली वर जातात. त्यावर तो हसून म्हणायचा, की खांदाच नसलेल्याच्या मिठीत काय दम असणार? मग ती अंगठा त्या खांद्यावर रोवून, बोटं खेकड्यासारखी ताणून वरचे सूर गाठायची. सगळे नाही, जमतील तेवढे. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत ती गिटार शिकवायची, आणि तिचा अंगठा बघून नवे विद्यार्थी आधी घाबरायचे.

गेल्या वर्षी तो गेला. दुपारी जेवून जरा पडला, तो उठलाच नाही. त्यानंतर तिचा अंगठा दुखू लागला. सांधा झिजलाय, डॉक्टर म्हणाले, असा ताण आता विसरा. तिने कारखान्यातली एक तयार कटअवे महिनाभर घरी नेऊन पाहिली. हात छान फिरला, पण आवाज परक्याचा होता. तिची स्वतःची एक चाल होती, विशीत बांधलेली, आणि तिचा शेवट चढत चढत अगदी टोकाला जायचा. तो शेवट तिने आजवर कधीच पुरा वाजवला नव्हता. तो तिला याच गिटारवर ऐकायचा होता.

दिराने करवत ओढली. लाकडाचा वाकडा तुकडा सुटून आला. आतलं लाकूड बाहेरच्यापेक्षा फिकं होतं, कपड्याखाली झाकलेल्या अंगासारखं. तिने नजर दुसरीकडे वळवली.

पुढे दिराने पातळ पट्टी तापवून वाकवली, त्या खाचेत बसवली, वरून पॉलिश दिलं. काम इतकं सफाईदार झालं की गिटार जन्मतःच तशी आहे असं वाटावं. ती घरी आणून तिने तारा लावल्या, खिडकीशी बसून चाल सुरू केली आणि हात वर नेला.

हात थांबला.

जिथे खांदा होता बरोबर तिथे तळव्याला काहीतरी लागलं. तिने खाली पाहिलं. खाच रिकामी होती, तिच्यातून मांडीवरची साडी दिसत होती. तिने पुन्हा हात सरकवला, पुन्हा तो त्याच जागी अडला. अडवणारं जे होतं ते लाकडासारखं टणक नव्हतं. घट्ट, पण किंचित दबणारं, आणि कोमट.

सवय असेल, असं तिने स्वतःला समजावलं. इतकी वर्षं हात तिथे थांबलाय, त्याला काय कळतंय कापलं म्हणून. पण दुसऱ्या दिवशी तिने उजव्या हाताचं बोट त्या खाचेत घातलं. ज्या हाताला तिथली सवयच नव्हती, त्याचं बोटही अडलं.

ती गिटार घेऊन कारखान्यात गेली. हाताचं तिने काही सांगितलं नाही, फक्त जरा वाजवून बघा म्हणाली. दिराने जाड तार छेडली आणि कान लावून ऐकत राहिला. मग पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं, पुन्हा तार छेडली.

"खर्ज गेला नाही, वहिनी," तो म्हणाला. "जायला हवा होता."

मग त्याने नवीन पट्टीवरून हात फिरवायला म्हणून तो खाचेत नेला. नेला आणि तिथेच ठेवला. दाराबाहेरून एक गाडी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत तो हलला नाही. मग त्याने हात अलगद काढून घेतला, एप्रनला पुसला आणि चहा टाकू का विचारलं. ती निघाली तेव्हा गिटार तिच्या हातात देताना त्याने ती दुसऱ्या बाजूने धरली होती.

तिच्या विद्यार्थ्यांत एक दातांची डॉक्टरीण होती. तिला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. एके दिवशी स्वतःच्या गिटारची तार तुटली म्हणून तिने बाईंची मागून घेतली, थोडं वाजवलं आणि सहज विचारलं, "बाई, इथे काच बसवलीय का?"

"कुठे?"

"या कापलेल्या जागेत. दिसत नाही, पण लागतं हाताला." तिने बोटांनी चाचपून पाहिलं, जशी ती रोज लोकांच्या हिरड्या चाचपत असेल. "आणि गरम आहे. ताप असल्यासारखं."

बाईंनी गिटार परत घेतली आणि त्या दिवशीचा धडा लवकर संपवला. रात्री झोपताना तिने ती पेटीत न ठेवता पलंगालगतच्या खुर्चीत ठेवली. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण पेटीचं झाकण लावायला हात धजेना.

विद्यार्थ्यांचा वार्षिक कार्यक्रम वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. शेवटी बाई वाजवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नेहमीचं सोपं काहीतरी वाजवून मोकळं व्हावं, असं तिने ठरवलंही होतं. पण गिटार मांडीवर घेतल्यावर बोटांनी तीच चाल धरली. खालचा भाग गेला, मधला गेला. हॉल शांत होता. चाल चढू लागली, हात वर सरकला आणि तळवा त्या कोमट जागेला टेकला.

एरवी ती इथूनच मागे फिरायची. आज अंगठ्यातून कळ आली, आणि हेही लक्षात आलं की हा अंगठा पुढच्या वर्षी इथवरही येणार नाही.

तिने मान खाली घातली. लोकांना वाटलं, सूर शोधतेय.

"अहो," ती पुटपुटली, "सरका जरा."

आधी काहीच झालं नाही. ती त्याच सुरावर घुटमळत राहिली. मग झोपेतला माणूस कूस बदलून जागा देतो तसं काहीतरी तळव्याखालून मागे झालं. सावकाश, कुरकुर न करता. तिची बोटं पुढे गेली, आणखी पुढे, पार टोकापर्यंत. बारीक, स्वच्छ सूर एकामागून एक निघाले. आपली चाल अशी संपते, हे तिला त्या दिवशी कळलं.

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत दीर मात्र तसाच बसून होता. गर्दी पांगल्यावर तो जवळ आला.

"खर्ज गेला. ऐकलंत?" त्याने विचारलं.

"ऐकलं." शेवटच्या सुरांखाली खर्ज छेडतानाच तिला कळलं होतं. आवाजाखालची जमीन थोडी सरकली होती.

"मी तिथे पुन्हा लाकूड भरून देऊ शकतो. अगदी पहिल्यासारखं नाही होणार, पण..."

"नको, भाऊजी," ती म्हणाली. "ती जागा मी मागून घेतलीय."

सकाळी शिकवणीआधी ती खिडकीशी बसली. हात खाचेतून सहज आरपार गेला, पट्टीचं लाकूड गार लागलं. तिने सगळ्यात जाड तार छेडली आणि नाद विरेपर्यंत ऐकला. तो पूर्वीपेक्षा लवकर विरला. तरी ती उरलेल्या आवाजाची वाट पाहत तशीच बसून राहिली. जिन्यावर पावलं वाजली, तेव्हा पदर सारखा करून ती दार उघडायला उठली.