गंगम्माचे कान

"मावशी, तुमचा हौद काठोकाठ अन् आमच्या टाक्यात खडखडाट! आता काय म्हनावं याला?"

अंबिका रिकामी घागर कमरेवर घेऊन अंगणात उभी होती. तिच्यामागे गल्लीतल्या आणखी बायका. रविवारची दुपार, नळ येऊन गेला होता आणि गल्लीत कुणालाच पत्ता नव्हता. उदगीरच्या या गल्लीत नळ आठवड्याने येतो, तोही वेळ सांगून नाही. एकदा चुकला की टँकरवाल्याच्या हातापाया पडायचं. त्यात उद्या अंबिकाच्या नातवाचं बारसं.

दाराआड मल्लिनाथ बनियनवर उभा होता. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. तेवढंच त्याच्याच्याने होईना.

पूर्वी या गल्लीत नळ कधी चुकला नव्हता. पाणी यायच्या आधी तोटी घुरघुरते, आणि ते घुरघुरणं त्याच्या आईला, गंगम्माला, झोपेतसुद्धा ऐकू यायचं. मग थाळी अन् उलथनं घेऊन ती या टोकापासून त्या टोकापर्यंत निघायची. "नळ आले गंऽऽ, उठा!" घरी कुणी नसेल तर त्यांची तोटी सोडून द्यायची. म्हणून कुणाच्याही घरी कार्य असलं की पहिलं ताट गंगम्माचं, हा गल्लीचा रिवाजच पडला होता.

मल्लिनाथ पतसंस्थेत कारकून. नवे मॅनेजर शेजारच्या गल्लीत राहायला आले आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "काय मल्लिनाथराव, मातोश्रींचा भोंगा सकाळीच वाजला आज!" सगळे हसले. मल्लिनाथही हसला, पण ते त्याच्या जिव्हारी लागलं.

त्याला छोट्या कॉम्प्युटरचा नाद होता. बिस्किटाच्या पुड्याएवढी हिरवी पाटी, स्वस्तातली. बाकी शिकवणी मोबाइलवरच्या व्हिडिओंची. आधी त्याने कुंडीतल्या बेलाला आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं होतं. त्या यंत्राने बेल कुजवला. आता त्याने ती पाटी तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवली, पाइपला तार जोडली, आणि पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जाऊ लागला. गल्लीने वाहवा केली. गंगम्माची थाळी फडताळात गेली.

"अव्वा, आता वरडत फिरू नको. लोक हसायलेत," तो म्हणाला होता.

"हसू दे की. पानी तर भरायलेत," ती म्हणाली होती. पण ऐकलं तिने.

आज दुपारी तो जेवून आडवा झाला होता, तेव्हा ती उशाशी आली. "मल्ल्या, नळ आलाय. सांगू का गल्लीत?"

"मशीन सांगंल की! तू गप बस," डोळे न उघडता तो खेकसला होता.

सकाळी वीज गेली होती, तेव्हाच डब्यातलं यंत्र बंद पडलं होतं. ते त्याने पाहिलंच नव्हतं.

"मावशी, मशीन बिघडली आसंल, पर तुम्हाला तर ऐकू आलं आसंल ना?" अंबिकाचा आवाज रडवेला झाला.

गंगम्माने दाराकडे पाहिलं. दाराआडून लेकाचा खांदा दिसत होता.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "कान गेले माझे. आता जवळ येऊन बोललं तरच ऐकू येतंय. हौद आपोआप भरला. चल, आपल्या हौदातलं ने. बारसं अडायचं न्हाई."

मल्लिनाथला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच त्याला लाज वाटली.

बायका गेल्यावर तो म्हणाला, "अव्वा, मी सांगून येतो सगळ्यांला."

"गप. तुला हापिसात जायचं असतंय. म्हातारीचे कान जायचेच."

तो गेला नाही.

पुढच्या आठवड्यात नळ संध्याकाळी आला. वीज गेल्याने बिघडलेलं मेमरी कार्ड बदललं तरी यंत्राचा भरवसा नव्हता. तपासून पाहताना कधी बोलायचं, कधी मुकं राहायचं. मल्लिनाथ खाटेवर पडला होता. गंगम्माने येऊन त्याच्या पायाचा अंगठा हलवला आणि तोटीकडे बोट दाखवून परत फिरली. त्याने मोबाइल घेतला आणि मेसेज हाताने टाकला. लगेच अंगठे येऊ लागले. कुणीतरी लिहिलं, "मशीन लई भारी, मल्लिनाथराव!"

त्याने फडताळातली थाळी काढून आईपुढे धरली. "अव्वा, जा की. एकदा वरड."

"आता कसं वरडू? कान गेलेत म्हनून सांगून बसले न्हवं का."

तेवढ्यात भिंतीपलीकडून अंबिकाची हाक आली, "गंगम्मामावशी! वो मावशी!"

घागर उचलता उचलता गंगम्माचा हात थांबला. मान किंचित वळली. मग तिने ती सरळ केली आणि घागर तोटीखाली लावली.

"र्‍हाऊ दे," पलीकडे अंबिका कुणाला तरी म्हणाली. "त्यांना ऐकू येत न्हाई बिचारीला."