पुढचे दोन पाय

संग्रहालयात मला सगळे डिंकताई म्हणतात. बावीस वर्षं मी मेलेल्या भुंगेऱ्यांचे तुटलेले पाय आणि मिशा जोडते आहे. माझं खरं नाव हजेरीच्या वहीपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे आमच्या विभागप्रमुखांनी एका नव्या जातीच्या भुंगेऱ्याला माझं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

घरी नवऱ्याने दूरच्या नातेवाइकांनाही फोन लावले. सासूबाई आजवर माझ्या नोकरीला किड्यांची उठाठेव म्हणत. आता त्या बहिणीला सांगत होत्या, सुनेचं नाव शास्त्रात कायमचं राहणार. नणंदेने एवढंच विचारलं, भुंगेरा दिसायला तरी बरा आहे ना.

दुसऱ्या दिवशी मी तो भिंगाखाली नीट पाहिला.

अंगाने तो पाण्यातला. गुळगुळीत निमुळतं शरीर, टणक पंखांखाली हवा साठवायची जागा, मागचे पाय वल्ह्यांसारखे चपटे आणि केसाळ. पुढचे दोन पाय मात्र रुंद, दातेरी, माती उकरायचे. शेणातल्या भुंगेऱ्याचे असतात तसे. तसे कसले, त्याचेच होते. नोकरीला लागून आठवडा झाला असेल, नमुन्यांचे दोन खण एकदम नेताना जिन्यात माझ्या हातून निसटले. पाय विखुरले, माझं धाबं दणाणलं, आणि कुणी यायच्या आत मी हाताला लागतील ते पाय समोरच्या भुंगेऱ्यांना लावून मोकळी झाले.

त्या दोन पायांवर विभागप्रमुखांनी चाळीस पानं लिहिली होती. तळं आटलं की हा प्राणी जमीन खोदून आत बसतो, पाणी आलं की बाहेर येऊन पोहतो. कुठलं तळं ते लेबलावर नव्हतं, पण साहेबांनी तेही शोधून काढलं होतं, नकाशासकट. मी जोड इतका बेमालूम करते याचा मला कधी नव्हे तो राग आला.

दोन दिवस मी गप्प राहिले. का, ते सरळ सांगते. मला ते नाव हवं होतं. तिसऱ्या दिवशी पडताळणीसाठी दुसऱ्या संग्रहालयातून तज्ज्ञबाई आल्या, आणि मला वाटलं, नाव राहिलं तर खरं राहू दे, नाहीतर नको.

आमच्या कामाचा एक नियम आहे. डिंक पाण्यात विरघळणाराच वापरायचा, म्हणजे चूक झाली तर सोडवता येते. मी दोघांसमोर सगळं कबूल केलं. साहेब कौतुकाने हसले आणि डिंकताई फार विनयशील आहेत असं बाईंना म्हणाले. मग मी वाद न घालता कुंचल्याने कोमट पाण्याचे थेंब सोडले आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने पुढचे दोन्ही पाय अलगद सुटून खालच्या कागदावर पडले.

तज्ज्ञबाईंनी भिंग लावलं. नाव गेलं याचं वाईट वाटत होतं, तरी माझा जीव भांड्यात पडला.

"पाणी लागलं की," साहेब विचार करत म्हणाले, "खोदायचे पाय टाकून देतो. पोहताना अडचण नको."

बाईंनी मान हलवून ते लिहून घेतलं.

मी कपाळाला हात लावला. शेवटचा उपाय म्हणून सांगितलं की याचे खरे पुढचे पाय आमच्याच एका शेणातल्या भुंगेऱ्याला चिकटलेले आहेत. नराचे पाय, मादीची निसरडी पाठ पाण्यात धरून ठेवता यावी म्हणून चोषकं असलेले. शेणात राहणाऱ्याला त्यांचा काडीचाही उपयोग नाही, हेही सांगितलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता तरी डोक्यात प्रकाश पडेल असं मला वाटलं.

"कुठल्या खणात आहे तो?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी वहीचं नवं पान उघडलं होतं.

शेणातल्या त्या दुसऱ्या नव्या जातीला बाईंचं नाव द्यायचं ठरलं. पहिलीला माझंच राहिलं. फोटो काढायचा होता, म्हणून ते दोन पाय साहेबांनी परत जोडायला कागदासकट माझ्यासमोर ठेवले. मला "नाही" म्हणता आलं असतं. पण संध्याकाळी घरी सासूबाई त्या फोटोची वाट पाहत असणार, हे डोळ्यांपुढे आलं.

बावीस वर्षांपूर्वी ते पाय चिकटवताना माझा हात थरथरत होता. या वेळी जराही कापला नाही.