रिकाम्या खलाची ठक-ठक

मी बिसराम वैद्याचा खल बोलतोय. कचारगडाकडच्या दगडाचा आहे. मला घडवताना पाथरवटाच्या सात छिन्न्या मोडल्या आणि आठवी वाघानं पळवली. यातलं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते विचारू नका.

दवाखाना असूनही लोक वैद्याकडे का येतात, हे मला पुरतं ठाऊक आहे. बिसरामची रीत अशी, की औषध रोग्यानंच कुटायचं. बत्ता रोग्याच्या हातात, घरचं माणूस अंगणाबाहेर. ठक-ठक इतकी मोठी, की आतलं बोलणं बाहेर जात नाही. माझ्यात बहुधा नुसती सुंठ असायची.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर कवडू आपल्या बायकोला, मंदाबाईला, घेऊन आला. तिला दिवसाआड थंडी वाजून ताप भरायचा.

"हिले दवाखान्यात तीनदा नेलो, मामा. डॉक्टरच्या गोळ्यांत दमच नाही."

"तू जा, बैलाले पाणी पाजून ये," बिसराम म्हणाला.

मंदाबाई कुटू लागली. चार ठोक्यांतच म्हणाली, "गोळ्या मी खाल्ल्याच नाही. चुलीत टाकल्या."

"काऊन वं?"

"तिसरा महिना आहे. आधीचे दोन गरम औषधानंच गेले, असं सासू म्हणते. डॉक्टरसमोर सारं घरधनीच बोलतात. मी कशी सांगू?"

बत्ता थांबला. "कूट, कूट," बिसराम घाईनं म्हणाला. "या तापाले माही सुंठ पुरत नाही, माय. डॉक्टरले सांगाच लागते. नाहीतर तूही जाशील, लेकरूही."

त्यानं मला बैलबंडीत टाकलं आणि दवाखान्यात थेट डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. कंपाउंडर खवळला, "हा दगड कायले आणून राहिले?"

"उपचाराचा भाग आहे. ही कुटते तोवर नवऱ्यानं बाहेर राहायचं."

डॉक्टर पोरसवदाच होता. त्यानं बिसरामकडे पाहिलं, कंपाउंडरलाही बाहेर काढलं आणि खुर्ची जवळ ओढली. माझ्यात काहीच नव्हतं. मंदाबाई नुसता दगडावर दगड आपटत राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

डॉक्टरनं औषध बदललं, समजावून सांगितलं, पहिला डोस समोर घ्यायला लावला. त्या वर्षीचा रोवणा तिच्याविना झाला. माघात मुलगी झाली. माझ्याएवढी जड होती, असं मी सांगतो. सुईण जरा कमी सांगते.

बिसराम मला न्यायला आला तेव्हा डॉक्टर म्हणाला, "राहू द्या इथंच." बिसराम हसला आणि स्वतःसाठी दुसरा खल घडवून घ्यायला गेला.

आता माझा सुंठीचा वासही गेलाय. बाया येतात, माझ्यात रिकामंच कुटतात आणि बोलतात. कधी तुम्ही बाहेरच्या बाकावर असाल आणि आतून ठक-ठक ऐकू आली, तर कान देऊ नका. बैलाला पाणी पाजून या.