जर्मनांच्या दफनभूमीत जाई

जानेवारीत गेलेल्या मुलीला एप्रिलमध्ये माती द्यायची होती. कॅनडातल्या थंडीत इथली जमीन दगडासारखी होते, म्हणून तोवर जाईला फ्युनरल होममध्येच ठेवलं होतं. जन्मून आठवडाही झाला नव्हता तिला.

गाडी धम्मप्रिया चालवत होती. शेजारी नवरा योगेश, त्याच्या मांडीवर पांढरी पेटी. "रड गं एकदाची," नागपूरहून आई रोज फोनवर म्हणायची. पण रडूच येत नव्हतं. दूध आटलं, रजा शिल्लक असताना ती ऑफिसला जायला लागली, मीटिंगमध्ये हसलीसुद्धा.

किचनर शहराबाहेर, मक्याच्या मोकळ्या शेतांमध्ये ही छोटी दफनभूमी होती. देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस श्मिट फाटकापाशी थांबल्या होत्या. खड्डा तयार होता. योगेशने पेटी खाली ठेवली. दोघांनी त्रिशरण म्हटलं. योगेशचा आवाज मध्येच फुटला, धम्मप्रियाने शेवटपर्यंत म्हटलं. मग मूठमूठ माती.

"ही जागा एका लहान मुलीसाठीच सुरू झाली," मिसेस श्मिट म्हणाल्या. "आमची माणसं जर्मनीहून आली, त्या पहिल्याच हिवाळ्यात पोर गेली. जमीन खणता येईना. बापाने पेटी गोठ्यात ठेवली आणि वसंतात शेताचा हा कोपरा दिला."

"आणि आई?" धम्मप्रियाने विचारलं.

"तिच्याबद्दल घरात कोणी काही सांगितलं नाही. गाईंच्या धारा तीच काढायची, एवढं माहीत आहे."

म्हणजे रोज गोठ्यात जात असणार. धम्मप्रियाच्या मनात एवढंच आलं.

जुन्या दगडांवर जर्मन अक्षरं होती, पुढच्या रांगांत इंग्रजी. "पहिल्या महायुद्धात लोक आपली भाषा लपवायला लागले," मिसेस श्मिट म्हणाल्या. "किचनरचं नाव तेव्हा बर्लिन होतं, तेही बदललं. माझ्या आजीला जर्मन सोडून काही वाचता येत नव्हतं, आणि तिचा दगड इंग्रजीत आहे. तुमच्या दगडावर काय कोरायचं?"

"इंग्लिशच ठीक आहे," योगेश म्हणाला. "इथे मराठी कोण वाचणार?"

"मी," धम्मप्रिया म्हणाली.

मिसेस श्मिटनी पर्समधून पेन आणि पत्राचं एक पाकीट काढलं. गाडीच्या बॉनेटवर पाकीट ठेवून धम्मप्रियाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, जाई. कारागिराला कळावं म्हणून 'ई'चं वळण पुन्हा गिरवलं. योगेश तिच्याकडे बघत राहिला.

"चल," ती म्हणाली, "वाटेत ग्रोसरी घ्यायची आहे."